मिनिटाला तीन लाटा

मला एक सांगा भाऊ. माणूस एक सांगतो, मशीन दुसरं सांगतं, आणि तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी तिसरंच पाहिलेलं असतं. अशा वेळी विश्वास कोणावर ठेवाल? घाई करू नका, आधी ऐकून घ्या. मला हा प्रश्न पडला तेव्हा मी उत्तरच दिलं नव्हतं. गप्प बसलो होतो.

किस्से साठतात ते आमच्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या मोटारींसारखे. मालक "उद्या नेतो" म्हणून ठेवून जातो, पुन्हा फिरकत नाही, आणि कोपऱ्यातला ढीग वाढत राहतो. एक दिवस जागा करायला म्हणून उचलायला जावं, तर सगळ्या एकमेकींत अडकलेल्या!

माझं दुकान जळगावला, पंपांच्या गल्लीत; गल्ली मला शेठ म्हणते. मोटारी, स्टार्टर, केबल. शाळा नववीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण जळालेल्या मोटारी उघडून. माझ्या उजवीकडे वसंतभाऊचं पाइपांचं दुकान. त्याचा आवाज असा की हा माणूस फोन कशाला वापरतो, असं गिऱ्हाईक विचारतं. डावीकडे प्रल्हादनानाचं बियाण्यांचं दुकान. नाना मूळचा शिंदखेड्याकडचा. जळगावात चाळीस वर्षं काढली, पण तोंड उघडलं की अहिराणी! सकाळी अकराला तिघांचा चहा माझ्या पायरीवर, हा आमचा जुना नेम.

हे सगळे किस्से त्या पायरीपासून सुरू झालेले आणि सगळे नानाच्या पोटाचे. हसू येईल तिथे हसा. आम्हीही हसलो होतो.

* * *

नानाला शुगर वीस वर्षांपासून. रोज जेवणाआधी पोटाला इन्शुलिनची सुई. तेवढ्यावर गडी खूश होता. मग एकदम काय झालं कळेना, दोन घासांत पोट भरायला लागलं. सकाळचं जेवण संध्याकाळी जसंच्या तसं उलटून पडायचं. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली. नाना म्हणायचा, "मना पोटमा कालदिनं जेवन आजूनबी बशेल शे रे." म्हणजे कालचं जेवण अजून पोटात बसूनच आहे!

शेवटी मी आणि वसंतभाऊ त्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. ही मुक्ताईनगरकडच्या एका केळीवाल्याची मुलगी. तिच्या बापाच्या विहिरीवरची मोटार माझ्याच दुकानातली, म्हणून मला काका म्हणते. आणि मी मोटारवाला म्हणून तिनं मला समजेल असंच सांगितलं.

"काका, जठराच्या भिंतीत काही खास पेशी असतात. त्या स्नायू नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत, दोघांच्या मधोमध बसलेल्या असतात. त्या स्वतःच वीज तयार करतात. मिनिटाला साधारण तीन लाटा. लाट वरून खाली सरकते आणि पोटात अन्न असलं की तिच्यामागोमाग स्नायू आवळत जातो. असं अन्न घुसळलं जातं आणि पुढे ढकललं जातं."

वसंतभाऊ खुर्चीत सरसावून बसला. "म्हणजे आत डीपी बसवलीय! किती एचपीची?"

"एचपी कुठली! एका व्होल्टचे शंभर भाग करा, त्यातले दोन-चार."

मी विचारलं, "आणि सुरू-बंद कोण करतं? मेंदू?"

"मेंदू कमी-जास्त करू शकतो, पण ठेका त्याचा नाही. आतड्याचा तुकडा शरीरातून काढून नीट कोमट पाण्यात, मीठ आणि प्राणवायू देऊन ठेवला, तरी काही वेळ त्याची लय चालू राहते. लहान आतड्याचा वेग तर अजून जास्त. सुरुवातीला मिनिटाला बारा, खाली उतरत उतरत आठ."

मी थक्क झालो. जन्म गेला मोटारी विकण्यात, पण वायर कापल्यावर चालणारी एक पाहिली नव्हती!

"एवढ्या पेशी, मग सगळ्या आपापल्या वेळेला लाट सोडत असतील तर गोंधळ होत नाही का?"

"एकमेकींना जोडलेल्या असतात ना. जिचा ठेका सगळ्यात जलद, तिच्या मागे बाकीच्या जातात."

"आमच्या व्यापारी मंडळापेक्षा बरंय मग!" वसंतभाऊ म्हणाला, आणि आम्ही चौघंही हसलो.

हसणं थांबल्यावर नानानं हळूच विचारलं, "आनि मन्या पेशी?"

डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. म्हणाल्या, "नाना, शुगर वीस वर्षांची आहे. शुगरमुळे त्या पेशी कमी होत जातात. गेलेल्या परत आणायचं औषध माझ्याकडे नाही. पण पोट किती हळू चाललंय ते नेमकं कळलं, तर उरलेल्यांवर निभावता येईल. पातळ खायचं, थोडं थोडं खायचं, इन्शुलिनची वेळ बदलायची. त्यासाठी नाशिकला एक तपासणी करून या."

आणि त्यांनी नानाच्या हातात शंभर पानी वही दिली. "काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं, पुढे काय झालं, रोज लिहायचं. खोटं लिहिलंत तर माझं औषध चुकेल."

नानानं वही दोन्ही हातांनी घेतली, लग्नाचं आमंत्रण घेतात तशी.

* * *

दुसऱ्या दिवशी अकराच्या चहाला वसंतभाऊ माझ्याच काउंटरवरून मल्टिमीटर उचलून आला.

"नाना, शर्ट वर कर!"

गल्लीतले आठ-दहा जण जमले. नानानं शर्ट वर केला. वसंतभाऊनं एक पिन बेंबीच्या वर टेकवली, एक खाली. काट्यानं हलायचं नाव घेतलं नाही. वसंतभाऊनं मीटर हातात घेऊन हलवलं, पुन्हा टेकवलं, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "शून्य! नाना, तू तर डेड आहेस! शेठ, याला रिवाइंडिंगला घे!"

काय हसलो म्हणता! चहावाल्याचा ट्रे हिंदकळला. नानाही हसला. हसता हसता त्याला उचकी लागली, उचकीबरोबर तोंडात काहीतरी आलं, आणि तो घाईनं दुकानामागे गेला. परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. चहाचा कप त्यानं तसाच बाजूला सरकवला.

मला माहीत होतं की त्या मीटरवर एवढी बारीक वीज कातडीवरून दिसणारच नाही. मी मोटारवाला माणूस, मला माहीत नसेल? पण सांगितलं असतं तर खेळ मोडला असता.

* * *

आमच्याकडे एकाचं पोट बिघडलं की सगळी गल्ली डॉक्टर होते. एकानं हिंग दिलं, एकानं ओवा दिला, एकानं सोड्याची बाटली स्वतः उघडून हातात दिली. वसंतभाऊ मात्र ठाम होता. "बेंबी सरकलीय!" म्हणाला, आणि नानाला रेल्वे फाटकाजवळच्या एका बेंबी बसवणाऱ्याकडे घेऊन गेला.

त्या बुवानं नानाला सतरंजीवर निजवलं, पोटावर पणती पेटवून ठेवली आणि तिच्यावर तांब्या पालथा घातला. पणती विझली, तांब्या कातडीला चिकटला, निघता निघेना! ओढून काढला तेव्हा पोटावर लाल गोल वळ उठलेला.

नाना दुकानात परतला. नानाची बायको सिंधूअक्का डबा घेऊन आली होती. तिनं वळ पाहिला आणि वसंतभाऊला म्हणाली, "भाऊ, शिक्का मारी आनात का? आते पोस्टात टाकी द्या!"

अक्काचा विनोद असाच. हसत हसत सांगायची, आणि डोळे मात्र डब्याकडे. डबा त्या दिवशीही न उघडता परत गेला.

* * *

नाशिकला नानाबरोबर मी गेलो. पहाटेची गाडी, दोघंही उपाशी. त्याला उपाशी यायला सांगितलं होतं, मी त्याच्यासमोर चहा कसा पिणार?

तपासणी अशी. पोटात जायच्या अन्नात अगदी थोडं किरणांचं औषध मिसळतात. ते खायचं, मग कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. लगेच, मग एका तासानं, दोन तासांनी, चार तासांनी. पोटातलं किती पुढे गेलं ते मशीन मोजतं. आपल्याकडे ते औषध कशात मिसळतात माहीत आहे? इडलीत! दोन इडल्या, बरोबर ग्लासभर पाणी. तिथली बाई म्हणाली, "आजोबा, दहा मिनिटांत दोन्ही पूर्ण संपवायच्या. दुसरं काही खायचं नाही." एवढं सांगून ती फोन घ्यायला बाहेर गेली.

खोलीत आम्ही दोघंच. नानानं एक इडली कशीबशी घशाखाली उतरवली. दुसरीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"शेठ, ले."

"अरे, ती तपासणीची आहे!"

"तू बी सकायपाईन उपाशी शेस. मी एकला कसा खाऊ रे? घास नही उतरत."

तुम्ही आमच्याकडचे नसाल तर तुम्हाला हे कळायचं नाही. आमच्याकडे समोरचा माणूस उपाशी असताना एकट्यानं ताट पुढे ओढणं म्हणजे चोरी केल्यासारखं. नाना आजारी होता, पण त्यानं संस्कार थोडेच सोडले होते? त्यानं इडली माझ्या हातावर ठेवली. बाहेर चपलांचा आवाज आला.  मी ती तोंडात घातली आणि दोन घासांत गिळली.

बाई आत आली. रिकामी ताटली बघून म्हणाली, "शाब्बास आजोबा! लवकर संपवलं!"

पुढचे चार तास माझी काय अवस्था झाली म्हणता! किरणांचं औषध माझ्याही पोटात! त्या मशीनच्या खोलीजवळून गेलो तर घंटा वाजेल या धास्तीनं मी जिन्याखाली पोटाला हात लावून उभा. दारावरचा माणूस दोनदा येऊन विचारून गेला, "काका, तुमचंही पोट दुखतंय का?"

परतीच्या गाडीत नाना खिडकीशी वहीत काहीतरी लिहीत बसला होता. मला हसू आवरत नव्हतं. चाळीसगाव येईपर्यंत मनात ठरवूनही टाकलं होतं की हा किस्सा पायरीवर कसा सांगायचा.

पण सांगितला नाही.

* * *

कारण आठवड्यानं रिपोर्ट आला. नॉर्मल!

पोट वेळेत रिकामं होतं, असं त्यात लिहिलेलं. अर्धंच अन्न पोटात गेलं तर ते लवकर पुढे सरकणार, हे मला तिथेच खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. अर्ध्या लोडवर मोटार ठीक चालते आणि पूर्ण लोडवर बसते, हे मी शेतकऱ्यांना रोज सांगतो.

डॉक्टरीणबाई कागद उलटसुलट करत होत्या. "नाना, तुमचा त्रास आणि हा रिपोर्ट जुळत नाही. वही आणलीय?"

नानानं वही टेबलावर ठेवली. त्यांचा हात वहीकडे गेलाच होता, एवढ्यात वसंतभाऊ म्हणाला, "मॅडम, वही काय बघता? त्यात यानं मनानं लिहिलेलं असणार! एवढ्या मोठ्या मशीनचा कागद आहे ना हातात?"

बाहेर पेशंटची रांग होती, कोणाचं तरी पोर जोरात रडत होतं. बाईंचा हात थांबला. म्हणाल्या, "ठीक आहे. सध्या चिंतेची एक हलकी गोळी देते. बरं नाही वाटलं तर लगेच या."

नानानं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

मी वही उचलली आणि त्याच्या पिशवीत घातली. मीच घातली.

तेव्हा तोंड उघडायला काय लागलं असतं? एक वाक्य. पण वसंतभाऊ समोर होता. किरणांची इडली खाणारा शेठ म्हणून जन्मभर गल्लीनं मला सोडलं नसतं. ती एक लाज मी वाचवली. बाहेर आल्यावर स्वतःला सांगितलंही, नॉर्मल तर नॉर्मल, म्हणजे आजार एवढा मोठा नसणार.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत नानाचं नाव पडलं, "नॉर्मलनाना." चहा नको म्हणाला की वसंतभाऊ ओरडायचा, "अरे नॉर्मल! पी की! का मशीन खोटं बोललं?" नाना मग दोन घोट घ्यायचा. डॉक्टरीणबाईंकडे तो पुन्हा गेला नाही. "नाटक करस म्हनी सांगतीन," एवढंच म्हणाला. वही मात्र रोज लिहायचा. दुकानात गिऱ्हाईक नसलं की चष्मा लावून, खाली मान घालून.

एकदा अक्का मला म्हणाली, "शेठ, हा माणूस रात्रीचं भात-वरण दुसऱ्या दुपारी उलटतो. मी शितं ओळखते. मशीनला शितं दिसत नाहीत का?"

मी म्हटलं, "अक्का, मशीनपुढे आपण काय बोलणार!"

* * *

चार महिन्यांनी वसंतभाऊच्या पुतणीचं लग्न, चाळीसगावला. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, तुपाची धार. आमच्याकडे पंगतीत वाढणारे बाहेरचे नसतात, घरचेच वाढतात, आणि आग्रह झाला नाही तर पाहुणा वर्षभर लक्षात ठेवतो. वसंतभाऊ बट्टीची टोपली घेऊन फिरत होता, मी तुपाचं भांडं घेऊन त्याच्यामागे.

नाना पंगतीत टोकाला बसला होता. नेहमीप्रमाणे आधी सुई घेऊन आलेला, जेवण होणार या हिशेबानं. ताटातली पहिली बट्टी अजून तशीच.

"काय रे नॉर्मल! माझ्या पुतणीच्या लग्नात एक बट्टी?" वसंतभाऊनं दोन बट्ट्या आदळल्या.

"भाऊ, नही जात रे माले."

"रिपोर्ट काय सांगतो? ओ मंडळी, याचा रिपोर्ट काय आहे?"

पंगतीतले आमच्या गल्लीतले सगळे एका सुरात ओरडले, "नॉर्मल!"

नानानं वर माझ्याकडे बघितलं.

आणि भाऊ, मी तूप वाढलं. सांगतोय ते खरं सांगतोय. बट्ट्यांवर धार धरली आणि म्हटलं, "खा नाना, हळूहळू खा."

नानानं खाल्लं. पाहुण्यांचा मान राखून सगळं खाल्लं. पंगत उठायच्या आत त्याला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, आणि तो बसल्या जागी बाजूला कलंडला. सुईनं आपलं काम सुरू केलं होतं, जेवण मात्र जठरातून हललंच नव्हतं, त्यामुळे शुगर खाली खाली गेली. हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी पंगतीतून पहिला आवाज काय आला माहीत आहे? "बघा, सुरू झालं नाटक!"

कोणीतरी साखरेचं पाणी पाजलं. तेही पोटातच जाऊन बसलं. मांडवातल्या एका नर्सताईंनी हात लावून बघितलं आणि ओरडल्या, "तोंडानं काही देऊ नका, गाडी काढा!" चाळीसगावच्या दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिल्यावर नानानं डोळे उघडले. आणि मग उलटी झाली. बट्टीचे तुकडे तसेच, आणि त्यांच्याखाली मेथीची भाजी.

अक्का शांतपणे म्हणाली, "मेथी कालची शे."

वसंतभाऊ दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसला. त्या माणसाचा आवाज त्या दिवशी मी पहिल्यांदा हळू ऐकला. "शेठ, मशीन कसं चुकलं रे?"

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसलो. सगळं सांगितलं. इडली, फोन, चपलांचा आवाज, सगळं.

त्यांनी पहिला रिपोर्ट पुन्हा समोर ओढला. मग विचारलं, "दोनातली किती खाल्लीत, काका?"

"एक."

"म्हणजे तुमचंही अर्धं पोट आम्ही मोजायला हवं होतं!"

मला वाटलं, हसतील. हसल्या नाहीत.

पुन्हा तपासणी झाली. या वेळी अक्का बरोबर गेली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. चार तासांनंतरही अर्ध्याच्या वर जेवण जठरात तसंच. डॉक्टरीणबाईंनी दुसरा रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि मला म्हणाल्या, "चार महिन्यांपूर्वी कळलं असतं तर पातळ खाऊन, थोडं थोडं खाऊन कदाचित भागलं असतं. कदाचितच म्हणते. आता वजन इतकं उतरलंय की वाट बघता येणार नाही."

नानाच्या पोटाला बाहेरून नळी बसवली. ती जठराला वळसा घालून थेट लहान आतड्यात जाते. तिथल्या पेशी अजून बऱ्या आहेत, मिनिटाला अकरा-बारा लाटा सोडतात. पातळ अन्न थेंबाथेंबानं आत सोडतात आणि तोंडाला चव म्हणून चमचाभर ताक.

वसंतभाऊला खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही. तो मात्र दुकानात येईल त्या प्रत्येकाला सांगतो, "मशीनचा काही भरवसा नाही बुवा!" मी तिथेच चहा पीत बसलेला असतो.

* * *

आता शेवटचा किस्सा. गेल्या महिन्यातला.

दुपारी नानाकडे गेलो. खाटेशेजारी खिळ्याला बाटली टांगलेली, नळीतून थेंब पडत होते. नाना त्यांच्याकडे बघत होता. म्हणाला, "मोटार बंद पडनी, आते ठिबक चालू शे." बियाणंवाला तो, ठिबक सिंचनावर आला! मी हसलो. या वेळी आधी तो हसला होता, म्हणून हसलो.

अक्कानं माझ्यासमोर ताट आणून ठेवलं. शेवभाजी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांदा. मी ताट मागे सरकवलं.

"अक्का, याच्यासमोर मी नाही खायचो."

"खाई ले," नाना म्हणाला. "मन्यासमोर कोनी खादं नही ते माले बरं वाटत नही."

"नको नाना."

"खाई ले रे शेठ. तू सकायपाईन उपाशी शेस."

मी भाकरीचा तुकडा मोडला. अर्धी खाल्ली. पुढे जाईना.

नानानं उशीखाली हात घातला आणि वही काढली. तीच, शंभर पानी. कोपरे दुमडलेले, मध्ये बियाण्याच्या पाकिटाची खूण घातलेली. माझ्याकडे सरकवली. खुणेच्या पानावर उघडली. नाशिकच्या दिवसाचं पान होतं. गाडीच्या हलण्यानं अक्षर वाकडं झालेलं, पण वाचता येत होतं.

"सकाळी नऊ. इडल्या दोन. एक मी खाल्ली. एक शेठनं, तो उपाशी होता."

खाली त्या दिवसाची उलटी, वेळ, सही.

अक्का दारात उभी होती. ती पुढे आली नाही आणि मागेही गेली नाही.

मी पान उलटलं. पुढची सगळी पानं भरलेली. चहा दोन घोट. चहा दोन घोट. वरण-बट्टी तीन, तूप. शेवटच्या काही ओळी तर वाचताच येत नव्हत्या, नुसत्या रेघा.

"मना हात कापस आते," नाना म्हणाला आणि पेन माझ्या हातात दिलं. "आजपाईन तू लिख."

मी कोरं पान काढलं. वर तारीख टाकली. बाटलीकडे बघितलं, किती उतरलीय ते मोजलं आणि लिहायला खाली वाकलो.

नानानं माझ्या मनगटावर हात ठेवला. माझ्या ताटाकडे बघितलं. अर्धी भाकरी तशीच होती.

"पयले तुनं लिख," तो म्हणाला. "किती खादं ते. खरं लिख."